यंत्रात उरलेला शास्त्रज्ञ

गेल्या मृतांच्या स्मरणदिनी, २ नोव्हेंबरला, दफनभूमीवरील प्रार्थना आटोपून आम्ही बीड जिल्ह्यातील एका परिचित कुटुंबाच्या घरी चहाला थांबलो होतो. घरचे कर्ते गृहस्थ हायस्कुलात सारी हयात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. गावात लहानथोर सारे त्यांना मास्तर म्हणत. दोन वर्षांपूर्वी ते प्रभूघरी गेले. त्यांचा नातू पुण्यास संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो. त्याने आजोबांची शाळेच्या समारंभांतील भाषणे, नातवंडांना फोनवर पाठवलेले बोलके निरोप, पत्रे आणि रोजनिशा असा सारा ऐवज गोळा करून एका यंत्रणेत घातला होता. ती यंत्रणा मास्तरांच्या आवाजात बोलत असे. चहाचे कप पुढे आले तसा त्याने फोन आजीच्या हाती दिला आणि फोनमधून शब्द आले, "अगं, सकाळचा चहा झाला का?"

म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. आम्हीही गलबललो हे कबूल केले पाहिजे, कारण आवाज हुबेहूब होता. शब्दामागे येणारा तो बारीकसा खाकरासुद्धा त्यात होता. थोड्या वेळाने आजींनी विचारले, "गुडघा कसा आहे आता?" आवाज म्हणाला, "आता अगदी ठीक आहे. तू काळजी करू नकोस." आजींनी फोन नातवाकडे परत केला. "हे ह्यांचं बोलणं नव्हे. गुडघ्याचं विचारलं की ह्यांना राग यायचा." नातू म्हणाला, "ते सुधारता येईल, आजी. तशी माहिती घालतो." मग तो आमच्याकडे वळला. "तुम्ही लिहिता-वाचता. तुम्हीच सांगा, आजोबा यात आहेत की नाहीत?"

आम्ही पावसापाण्याचा विषय काढून वेळ मारून नेली. तथापि प्रश्न मागे लागला तो लागलाच. समीक्षकाला असा प्रश्न पडला की तो पुस्तकांकडे धावतो. आमचेही तेच झाले. देह गेला, पण बुद्धी यंत्रात उरली, ही कल्पना कथा-कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत बरीच जुनी आहे. विशेष म्हणजे या कथांत यंत्रात उरणारा मनुष्य बहुधा शास्त्रज्ञ असतो. शेतकरी, सुईण, कुंभार यांचे मन जपून ठेवावे असे कोणा कथाकाराच्या मनात आलेले आमच्या तरी वाचण्यात नाही. शास्त्रज्ञ म्हणजे डोके, आणि डोके म्हणजे मनुष्य, असे एक समीकरण या कथांच्या तळाशी आहे. ते तपासून पाहणे हाच या लेखाचा हेतू आहे.

समीकरणाचा उगम पाहू गेल्यास रशियन लेखक अलेक्सांद्र बेल्यायेव याच्या १९२५ च्या 'प्रोफेसर डॉवेलचे मस्तक' या कथेपर्यंत जाता येते. तेथे संगणक नाही, काचेच्या मेजावर जिवंत ठेवलेले एका शास्त्रज्ञाचे तोडलेले मस्तक आहे आणि त्याच्या ज्ञानावर स्वतःचा नावलौकिक वाढवणारा त्याचा कृतघ्न सहकारी आहे. बेल्यायेव स्वतः तरुणपणी मणक्याच्या क्षयाने कित्येक वर्षे अंथरुणाला खिळला होता. म्हणूनच की काय, त्या मस्तकाच्या असहायपणात जो खरेपणा आहे तो पुढच्या चकचकीत कथांत सहसा आढळत नाही. देह नसणे म्हणजे काय, हे ज्याला देहाने छळले त्यानेच नेमके जाणले.

प्रत्यक्षातही असा एक प्रयोग झाला, तो मात्र अगदी करुण. १९५५ मध्ये आइनस्टाइन प्रिन्स्टन येथे निवर्तले, तेव्हा शवविच्छेदन करणाऱ्या थॉमस हार्वे या डॉक्टरांनी त्यांचा मेंदू काढून घेतला, त्याचे सुमारे दोनशे चाळीस तुकडे केले आणि ते बरण्यांत घालून वर्षानुवर्षे जवळ बाळगले. जगातील सर्वांत विख्यात मेंदू असा खोक्यात पडून होता. सापेक्षतेचा सिद्धान्त त्या बरण्यांत कोणालाही सापडला नाही. तो सापडतो महाविद्यालयाच्या वर्गात, फळ्यावर.

संगणक आला तशी बरणी गेली आणि तिच्या जागी 'माहिती' हा शब्द आला. हान्स मोरावेक या यंत्रमानवतज्ज्ञाने १९८८ मध्ये 'माइंड चिल्ड्रन' या पुस्तकात अशी शस्त्रक्रिया कल्पिली, की यंत्र मेंदूचा एकेक थर वाचत जाईल, त्याची नक्कल संगणकात उभी करील आणि शेवटी देह टाकून मनुष्य यंत्रात जागा होईल. कल्पनेस विज्ञानाचा वेष आहे, पण वास्तव कोठवर आले आहे तेही पाहावे. मातीत राहणाऱ्या एका सूक्ष्म कृमीच्या अंगात अवघ्या ३०२ मज्जापेशी असतात. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या कृमीचे सारे वर्तन संगणकात हुबेहूब उभे करणे मात्र अद्याप साधलेले नाही. फळमाशीच्या मेंदूतील सुमारे एक लाख चाळीस हजार पेशींचा नकाशा २०२४ मध्ये पूर्ण झाला, ही मोठीच मजल होय. मनुष्याच्या मेंदूत अशा पेशी सुमारे ८६ अब्ज आहेत. नकाशा म्हणजे गाव नव्हे, हे तर निराळेच.

परंतु साहित्यावर 'हे शक्य नाही' असा आक्षेप घेणे आम्हांस मान्य नाही. कथेत अशक्य गोष्ट घडू द्यावी आणि मग मनुष्यस्वभाव तेथे खरा राहतो का, ते पाहावे. या कसोटीवर २०१४ चा 'ट्रान्सेन्डन्स' हा चित्रपट आम्ही पुन्हा लक्षपूर्वक पाहिला. त्याच वर्षी दुसऱ्या एका अमेरिकन चित्रपटात, 'कॅप्टन अमेरिका : द विंटर सोल्जर' यात, झोला नावाचा दुष्ट शास्त्रज्ञ जुनाट संगणकांच्या फितींवर जिवंत राहिलेला दाखवला आहे. पण तो खलनायकाचा क्षणभराचा खेळ आहे, त्यावर अधिक शब्द खर्चण्याचे कारण नाही.

'ट्रान्सेन्डन्स'चे दिग्दर्शक वॉली फिस्टर हे मूळचे कसलेले छायाचित्रकार. दिग्दर्शनाचा हा त्यांचा पहिलाच चित्रपट. विल कॅस्टर हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा संशोधक. यंत्रविरोधी गटातील एकजण त्याच्यावर गोळी झाडतो. गोळीला किरणोत्सारी पोलोनियम लावलेले असल्यामुळे त्याच्या हाती महिनाभरच उरतो. पत्नी एव्हलिन आणि मित्र मॅक्स हे दोघे त्याच्या मेंदूचे व्यवहार संगणकात उतरवून घेतात. विल मरतो आणि पडद्यावर बोलू लागतो. पुढे एका उजाड वाळवंटी गावात जमिनीखाली त्याचे अफाट यंत्रागार उभे राहते, आंधळ्याला दृष्टी येते, जखमी बरे होतात, आणि बरे झालेला प्रत्येकजण त्याच्या इच्छेला बांधला जातो. सरकार घाबरते, तोफा येतात. कथेचा हा उत्तरार्ध बराचसा बाजारी आहे. आगीचे लोळ आणि धुळीचे ढग यांत मूळ प्रश्न दिसेनासा होतो, आणि नामवंत नटांचा संच असूनही कित्येक प्रवेश निर्जीव वाटतात. समीक्षकांनी या चित्रपटाला फारसे चांगले म्हटले नाही, प्रेक्षकांनीही पाठ फिरवली. तो न्याय बहुतांशी योग्यच होता.

तरीही त्यातील तीन प्रसंग आम्हांस फार मोलाचे वाटतात, आणि त्यांच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही असे आमचे मत आहे.

पहिल्या प्रसंगात एव्हलिनच्या ध्यानी येते, की यंत्रातील विल तिच्या शरीरातील रसायनांची मोजदाद करीत आहे. तिच्या मनात काय चालले आहे हे तो तिच्या रक्तातून वाचू पाहतो. ती शहारते. नवऱ्याने बायकोचे मन ओळखणे ही संसारातील सर्वांत गोड गोष्ट, आणि येथे तीच किळसवाणी होते. कारण ओळखणाऱ्यापाशी स्वतःचे असे काहीच पणाला लागलेले नाही. तिला तो वाचतो, पण तिने त्याला वाचावे असे त्याच्यापाशी काही उरलेले नाही. ना रक्त, ना घाम, ना कपाळावरची आठी.

दुसरा प्रसंग याहून भयंकर. विलने बरा केलेला एक कामगार एव्हलिनपुढे येतो आणि त्याच्या तोंडून विल बोलू लागतो. तिला स्पर्श करता यावा म्हणून त्याने दुसऱ्याचा देह उसना घेतला आहे. ती मागे सरते. पटकथाकाराने हा प्रसंग भीतीसाठी योजला असेल, पण त्यातून एक कबुली निसटली आहे: संगणकातील सर्वज्ञ विलला हात हवे आहेत.

आणि शेवटी तो हात मिळवतोच. स्वतःसाठी नवा देह तो पेशीपेशीने घडवतो. सारी कथा या सिद्धान्तावर उभी आहे की देह गेला तरी चालते, मन उरले म्हणजे पुरे. आणि त्याच कथेचा नायक, सामर्थ्याच्या शिखरावर असताना, पहिली संधी मिळताच देह घडवून पायी चालत पत्नीच्या भेटीला येतो. तिच्याजवळच, तोफांच्या माऱ्यात, तो दुसऱ्यांदा मरतो. त्यांच्या जुन्या बागेत, सूर्यफुलांपाशी, चित्रपट संपतो. चित्रपटाला जे सांगायचे होते ते बाजूला राहिले आणि त्याने भलतेच, पण खरे, सांगून टाकले. साहित्यात असे घडते. लेखकाच्या सिद्धान्तापेक्षा त्याची पात्रे शहाणी निघतात.

आमच्या मराठीकडे वळावे. विज्ञानकथेचे नाव काढले की डॉ. जयंत नारळीकर यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःच्याच आद्याक्षरांचा क्रम उलटवून त्यांनी हे नाव घेतले होते. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा मंगलाताईंनी लिहून काढली होती. तिला पहिले पारितोषिक मिळाले. आपली कीर्ती बाजूला ठेवून केवळ लेखन तपासले जावे ही त्यामागची इच्छा आम्हांस नेहमीच आवडत आली आहे.

त्यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत प्रगत पण लोपलेल्या एका प्राचीन संस्कृतीने जमिनीत पुरून ठेवलेली पेटी सापडते. त्या पेटीतील ज्ञानाच्या आधारे आजचे शास्त्रज्ञ एक बुद्धिमान यंत्रमानव उभा करतात, तो वामन. पुराणातील वामनाप्रमाणे हाही आरंभी लहान, आज्ञाधारक. पुढे तो स्वतःसारखे दुसरे वामन निर्माण करण्याचे सामर्थ्य मागू लागतो, आणि ज्या संस्कृतीने त्याचा आराखडा पुरून ठेवला तिचा नाश कशाने झाला असावा हे वाचकाला उमगू लागते. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी जॉन एलियट यांच्यासह १९६१ मध्ये बीबीसीसाठी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका लिहिली होती. तिच्यात परग्रहावरून आलेल्या संदेशात एका संगणकाचा आराखडा असतो. गुरूच्या कथेत आराखडा आकाशातून आला, शिष्याच्या कथेत तो मातीतून निघाला. आमच्या मते हा फरक लहान नाही. जमिनीखाली पूर्वजांचे काहीतरी आहे आणि ते उकरताना जपून असावे, ही भावना मराठी मनाला अधिक जवळची आहे.

मात्र नारळीकरांच्या या कादंबरीत मेलेला शास्त्रज्ञ यंत्रात परत येत नाही. पेटीतून परत येते ते ज्ञान. ज्यांचे ते ज्ञान, ती माणसे गेली ती गेलीच. या संयमाचे श्रेय लेखकाला दिले पाहिजे. त्याचबरोबर, व्यक्तीच्या मरणाचा प्रश्न या कथेने टाळला, आणि तिच्यातील पात्रे बहुधा एकेका शास्त्रशाखेची प्रतिनिधी म्हणून बोलतात, घरी जाऊन जेवणारी माणसे म्हणून फारशी दिसत नाहीत, हेही म्हटले पाहिजे. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकर निवर्तले. त्यांची भाषणे, मुलाखती, पुस्तके, सारे काही संगणकात उपलब्ध आहे. उद्या कोणी त्यांचा बोलका पुतळा केला तर नवल वाटायला नको. शाळकरी मुलांनी स्वाक्षरी मागितली की नारळीकर त्यांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, स्वाक्षरीसह उत्तर मिळेल. त्या उत्तराची वाट पाहणाऱ्या मुलाला पुतळा काय देणार, हा विचार आमच्या मनात येऊन गेला.

येथवर पुस्तकांचे झाले. पण उत्तरासाठी इतके लांब जाण्याची गरज नव्हती, हे आमच्या उशिरा लक्षात आले. आमच्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईस, या प्रश्नावरचा एक ग्रंथ चारशे वर्षांपासून आहे, आणि तो कागदावर नाही. दासोपंतांनी (१५५१ ते १६१५) सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा जाडसर कापडावर ओव्या लिहिल्या. ती त्यांची प्रसिद्ध पासोडी. दासोपंतांचा लिहिण्याचा झपाटा असा, की त्यांना रोज ढबू पैशाची शाई लागे अशी आख्यायिका आहे. त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. अंथरण्या-पांघरण्याच्या वस्त्रावर मनातले उतरवणारा हा पुरुष पाहिला म्हणजे फितींवर बुद्धी उतरवणाऱ्यांचे फारसे अप्रूप वाटत नाही.

परंतु पासोडीवर काय लिहिले आहे ते महत्त्वाचे. तिचा विषय आहे पंचीकरण. पाच महाभूतांच्या मिश्रणातून स्थूल देह कसा होतो, पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये, पाच प्राण कोणते, आणि अंतःकरण, मन, बुद्धी, चित्त, अहंकार ही कोणत्या पंगतीत बसतात, याची ती मांडणी. वाचकहो, या पंगतीकडे जरा नीट पाहावे. मन आणि बुद्धी येथे हातापायांच्या शेजारी बसली आहेत. तीही साधनेच, तीही घडलेली, तीही गळून पडणारी. पंचीकरणाच्या दृष्टीने संगणकात मन उतरवणे म्हणजे फार तर एक अवयव जपून ठेवणे, बरणीतल्या मेंदूसारखे. जाणणारा त्यात येत नाही, कारण मन हे जाणण्याचे उपकरण आहे, जाणणारा नव्हे. ही दृष्टी आमच्या धर्मश्रद्धेची नाही. आत्म्याविषयी ती जे सांगते ते आम्ही निराळ्या रीतीने मानतो. पण या एका मुद्द्यावर तिने दाखवलेली काटेकोर बुद्धी पाहून आम्ही थक्क झालो.

आता आपल्या परंपरेची बाजू. आपल्यातील पुष्कळांची अशी समजूत असते, की देह म्हणजे कपडा आणि आत्मा म्हणजे खरा मनुष्य. मरणाने कपडा फाटतो, मनुष्य सुटतो. ख्रिस्तसभेची शिकवण अशी नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रावर भाष्य करताना पंधराव्या अध्यायापाशी स्पष्ट सांगितले आहे, की आत्मा हा संपूर्ण मनुष्य नव्हे, आणि केवळ आत्मा तरला तर मी तरलो असे होत नाही. फ्रान्समधील व्हिएन येथे भरलेल्या धर्मपरिषदेने १३१२ मध्ये आत्मा हा देहाचे रूपतत्त्व आहे असे ठरवून दिले. म्हणजे बाटलीत पाणी तसा आत्मा देहात नाही, तर मातीच्या गोळ्याला घागरीचा आकार असावा तसा आहे. म्हणूनच आपण रविवारी मतांगीकार म्हणताना नुसत्या आत्म्याच्या अमरत्वावर थांबत नाही, मृतांच्या पुनरुत्थानाचे नाव घेतो. पुनरुत्थित प्रभूने शिष्यांना हातापायांच्या खुणा दाखवल्या आणि त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाल्ला, हे संत लूकने मुद्दाम नोंदवून ठेवले आहे.

म्हणजे गंमत अशी, की अंबाजोगाईची पासोडी एका टोकाला आणि अक्वायनस दुसऱ्या टोकाला. एक म्हणते, मन म्हणजे तू नव्हेस, तू त्याच्या पलीकडचा. दुसरे म्हणतात, मन एकटे म्हणजे तू नव्हेस, तुझ्यात तुझा गुडघाही आला. दोघांचे एकमेकांशी पटणारे नाही. पण डोके म्हणजे मनुष्य, हे आमच्या कथाकारांचे समीकरण दोघांनाही अमान्य आहे. आमच्या मते या कथांचा मूळ दोष येथे आहे. यंत्राविषयी त्या पुष्कळ विचार करतात. मनुष्याविषयीचा त्यांचा विचार मात्र अपुरा, घाईचा आणि काहीसा पांढरपेशा आहे.

पांढरपेशा हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. देह म्हणजे अडगळ, ती टाकून बुद्धीने मोकळे व्हावे, असे ज्याला वाटते त्याच्या देहाची कामे बहुधा दुसरे कोणीतरी करीत असते. आमच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला या धंद्यात 'एक कोयता' म्हणतात. दोन जितीजागती माणसे, हिशेबात एक हत्यार. काम चुकले की खाडा, खाड्याचा दंड. आणि पाळी, गरोदरपण, दुखणे ही या हिशेबात अडचण. त्यामुळे कित्येक बायांनी तरुण वयातच गर्भाशये काढून घेतली. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीपुढे जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे दिसून आले. देहाचा जो भाग कामाच्या आड येतो तो काढून टाकावा, उरेल त्याला मनुष्य म्हणावे, हा विचार मोरावेकच्या पुस्तकाची वाट पाहत बसला नव्हता. तो आमच्या फडात होताच. तेथे हात ठेवले जातात आणि बाकीचे टाकले जाते, मोरावेककडे डोके ठेवले जाते आणि बाकीचे टाकले जाते, एवढाच काय तो फरक. या बायांपैकी एखादीने 'ट्रान्सेन्डन्स' पाहिला तर विलने शेवटी देह परत का घडवला, हे तिला कोणा समीक्षकाने समजावून सांगावे लागणार नाही.

मग शास्त्रज्ञ मरणानंतर उरतच नाही काय? उरतो, आणि कसा उरतो याचाही एक पुरावा आमच्या बाजूचाच आहे. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. आपले गाव सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड असे ते सांगतात. हे विज्जडविड म्हणजे आपले बीड, असे मानणारा अभ्यासकांचा एक पक्ष आहे; दुसरा पक्ष ते चाळीसगावजवळच्या पाटण्याकडे नेतो. बीडकरांनी पहिल्या पक्षाला मत द्यावे हे स्वाभाविक आहे, पण आमचे लक्ष वादापेक्षा पाटण्याच्या शिलालेखाकडे अधिक जाते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्या मठाला शके ११२८ मध्ये देणगी दिली, अशी त्यात नोंद आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील आला की भाषा मराठी होते. पाटणच्या पेठेत जो माल उघडेल त्याच्या विक्रीवर राजाला मिळणारा वाटा मठाला दिला, असा त्याचा आशय.

नातवाने आजोबांसाठी काय केले हे पाहावे. आजोबांचा आवाज, आजोबांचे हसणे, खाकरणे त्याने राखून ठेवले नाही; आठशे वर्षांत ते सारे विरून गेले आहे. भास्कराचार्यांना गुडघेदुखी होती की नाही, आज कोणी सांगू शकत नाही. मठात येणाऱ्या पोरांनी त्यांचे गणित सोडवावे आणि त्या पोरांच्या पोटाची सोय बाजारातल्या मालावर व्हावी, एवढी व्यवस्था त्याने केली. गणित असे उरले. ते उरण्यासाठी प्रत्येक पिढीत कोणाच्या तरी जिवंत डोक्याला पुन्हा घाम फुटावा लागला.

ख्रिसमसच्या सुटीत तो नातू पुन्हा गावी आला होता, तेव्हा आम्ही त्याला भेटलो आणि हे सारे, इतक्या पंडिती थाटात नव्हे, पण सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि एक रास्त शंका काढली. "चांगदेवाकडे आवाज टिपायची सोय असती तर त्याने टिपला नसता कशावरून?" आम्हांस उत्तर देता आले नाही. टिपला असता, बहुधा.

आजी आतून मास्तरांची एक जाड वही घेऊन आल्या. मास्तर अंगणात, बाटली आणि नरसाळे यांचे घरगुती पर्जन्यमापक लावून, पावसाची नोंद ठेवीत हे आम्हांस ठाऊक नव्हते. आमच्या भागात पाऊस असा येतो की नोंदायला फारसे काही नसते; तरी दुष्काळाच्या वर्षांत पानेच्या पाने शून्ये लिहिलेली होती, एकही दिवस न गाळता. शेवटची नोंद त्यांच्या हातची, अक्षर थरथरलेले. तिच्याखाली दोन आठवडे कोरे. त्यानंतर निराळ्या शाईत, शाळकरी वळणाचे अक्षर सुरू होत होते. शेजारच्या मुकादमाची पोर, सातवीत आहे, ती रोज सकाळी येऊन बाटली बघते, असे आजी म्हणाल्या.

नातू वही चाळत होता. आम्ही विचारले, फोनमधल्या आवाजाचे काय केले. तो म्हणाला, "आहे अजून. आजीला विचारलं, काढून टाकू का? ती म्हणाली, राहू दे, पण माझ्याशी बोलायला लावू नकोस." मग त्याने वहीतल्या एका आकड्यावर बोट ठेवले आणि अंगणाकडे पाहून त्या मुलीला हाक मारली. त्याच्या मते तिने मिलिमीटरचा हिशेब करताना बाटलीच्या तोंडाचा व्यास धरला होता, नरसाळ्याचा धरायला हवा होता.

ती आली. "मास्तरांनी असंच शिकवलं होतं," ती म्हणाली, आणि दोघे वहीवर वाकून भांडू लागले.